चाकं जमिनीवरच हवीत

अलीकडे ओळखीच्यांचे फोन एका नव्याच कारणासाठी येतात. "आम्ही कॅरॅव्हॅन, म्हणजे ते चाकांवरचं घर, घेऊन निघतोय. तू अमेरिकेत तुझ्या दादाच्या गाडीतून फिरली आहेस ना, जरा सांग काय काय लागतं ते." मग प्रश्न सुरू होतात. संडासाची टाकी कुठं रिकामी करायची, एसी रात्रभर चालेल का, स्वयंपाकाला गॅस घ्यायचा की इंडक्शन, आईबाबांना चढायला पायरी उंच पडेल का. सगळे प्रश्न रास्त आहेत. पण मुक्कामाला पोचल्यावर ती गाडी उभी कशी करायची, हे अजून कुणी विचारलेलं नाही. मी आपणहून विषय काढते, तर पलीकडून उत्तर येतं, "ते ड्रायव्हर बघेल." म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

मी बांधकामावर साइट इंजिनीअर आहे. पातळी बघणं हे माझं रोजचं काम. मुंबईत आम्ही उंची मोजतो ती टाऊन हॉल डेटमवरून, म्हणजे फोर्टातल्या जुन्या टाऊन हॉलशी बांधलेल्या पातळीपासून. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या ज्या इमारतीला आहेत, तीच ही इमारत. पावसाळ्यात पेपरात 'तानसा 128.63 मीटरला भरून वाहू लागला' असं वाचतो, ते मीटरही याच डेटमवरचे. या शहरात पातळी चुकली की पाणी घरात शिरतं. त्यामुळे इथं पूर्ण सपाट असं काही आम्ही बांधतच नाही. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना साधारण 1 ला 100 असा उतार देतो, म्हणजे शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. डोळ्याला तो दिसत नाही, पण पाणी मुकाट्यानं चेंबरकडे जातं.

हाच उतार मोठ्या गाडीला घेऊन विचार करा. दादाची गाडी छत्तीस फुटी होती, म्हणजे अकरा मीटर. सामान, पाणी, डिझेल धरून अशा गाडीचं वजन सहज अकरा टनांच्या घरात जातं. 1 ला 100 उतारावर तिला खाली ओढणारं बळ भरतं 110 किलोंचं. डांबरावर किंवा काँक्रीटवर मोठ्या टायरचा घरंगळण्याला होणारा विरोध वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे साधारण तेवढाच किंवा त्याहून कमी. याचा अर्थ असा की पावसाचं पाणी वाहावं एवढ्यासाठी दिलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या उतारावर अशी गाडी ब्रेकविना सोडली तर ती जागची हलू शकते. उतार 3 अंशांचा असेल तर ओढ पावणेसहाशे किलोंच्या आसपास जाते. रेल्वेवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्टेशनच्या यार्डात 1 ला 400 पेक्षा जास्त उतार द्यायचा नाही आणि शक्यतो 1 ला 1200 ठेवायचा, असा त्यांचा दंडक आहे, कारण उभे डबे आपसूक चालू लागतात. लोखंडी चाकाला कमी उतार पुरतो, रबरी चाकाला थोडा जास्त लागतो, एवढाच काय तो फरक.

प्रवास संपला, इंजिन बंद झालं, सगळे हुश्श करून उतरले, की मोटरहोमचा, म्हणजे अशा राहत्या गाडीचा, सगळ्यात जोखमीचा वेळ सुरू होतो असं मला वाटतं. कारण त्यानंतर गाडी पातळीत आणण्यासाठी आपण अकरा टनांच्या वस्तूला जॅकनं, म्हणजे तिच्याच खाली बसवलेल्या उचलणाऱ्या पायांनी, तिच्या जागेवरून थोडं वर उचलू लागतो.

मुळात ती पातळीत हवीच कशाला? आरामासाठी तर हवीच. डोकं खाली आणि पाय वर अशी रात्र काढली की सकाळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आईला चक्कर येण्याचा त्रास आहे. रात्री उठून चार पावलं जाताना पायाखालची जमीन कलती असेल तर तिला भिंत धरावी लागते, आणि गाडीत धरायला भिंत असतेच असं नाही. मोरीतलं पाणी निचऱ्याच्या भोकाकडे न जाता दाराकडे येतं. कपाटाची दारं आपोआप उघडतात. टाकीत पाणी किती उरलं ते दाखवणारा काटा भलतंच सांगतो. पण दादाच्या गाडीत याहून मोठं कारण होतं, ते म्हणजे तिथला फ्रिज.

अमेरिकेतल्या बऱ्याच मोटरहोममध्ये गॅसवर चालणारा अब्सॉर्प्शन फ्रिज असतो. 1922 मध्ये स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन तरुण विद्यार्थ्यांनी तो शोधला. त्यात कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. अमोनियाचं पाणी तापवायचं, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रवरूप होते, हायड्रोजनच्या सान्निध्यात पुन्हा वाफ होताना फ्रिजमधली उष्णता घेते आणि पाण्यात विरघळून परत खाली येते. हे खाली येणं केवळ गुरुत्वाकर्षणावर चालतं. गाडी बराच वेळ कलती उभी राहिली की द्रव वाटेतच एखाद्या नळीत साचतो, तापवण्याच्या भांड्यात तो पोचत नाही, भांडं कोरडं तापतं आणि फ्रिज कायमचा बाद होऊ शकतो. चालत्या गाडीत एवढी भीती नसते, कारण हेलकाव्यांनी द्रव पुढे सरकत राहतो. उभं असताना मात्र बाजूला 3 अंश आणि लांबीच्या दिशेनं 6 अंश, अशी साधारण मर्यादा सांगितली जाते. आपल्याकडच्या कॅरॅव्हॅनमध्ये बहुधा कॉम्प्रेसरचा फ्रिज असतो, तो कलण्याला इतका हळवा नसतो. त्यामुळे आपल्याला गाडी पातळीत हवी ती मुख्यतः माणसांसाठी.

आणि माणसांसाठी पाणसळीतला बुडबुडा अगदी मध्यावर यावा लागत नाही, तो मध्याच्या आसपास आला की पुरे. आपण स्लॅब घालत नसतो. पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर अंतर असेल तर 1 अंश म्हणजे जवळपास साडेदहा सेंटिमीटर, चार बोटांपेक्षा जास्त. दोन बाजूंच्या चाकांत दोन मीटर अंतर धरलं तर 1 अंशाला साडेतीन सेंटिमीटर. हे आकडे एकदा मनात बसले की किती जाडीची फळी लागेल ते उभ्या उभ्या सांगता येतं. मोबाइलमधलं पातळीचं ॲप वापरायलाही हरकत नाही, फक्त मोबाइल कव्हरमधून काढून आणि गाडीच्या जमिनीवर ठेवून बघावं. टेबलावर नको, टेबल स्वतःच वाकडं असू शकतं.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी व्हॅनिटी व्हॅन चालवण्यात गेली. मुंबईत मोठं, राहण्याजोगं वाहन कुणी पूर्वीपासून हाताळलं असेल तर ते याच लोकांनी. गोरेगावची चित्रनगरी 1977 सालची, राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या टेकड्यांवर वसलेली. तिथं सपाट रस्ता शोधावा लागतो. काकांच्या गाडीत कायम जुन्या सागाच्या जाड फळ्या असायच्या, आणि लाकडी पाचरी. गाडी थांबली की ते आतल्या जमिनीवर जेवणाची एक ताटली ठेवून तीत थोडं पाणी ओतायचे, आणि पाणी कुठल्या काठाला जातं ते बघायचे. मी त्यांना दादाच्या गाडीचे जॅक कसे बटणावर खाली येतात ते कौतुकानं सांगत होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "गं, पण त्या वेळी हँडब्रेक कुठल्या चाकांना असतो?"

प्रश्न असा नेमका होता की पुढचं सगळं त्यातूनच उलगडतं.

मोठ्या गाड्यांचा हँडब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतो. बसच्या चेसिसवर हवेचा स्प्रिंग ब्रेक असतो, तोही मागच्या एक्सलवर. म्हणजे उभी गाडी जमिनीला धरून ठेवणारी पकड मागच्या चाकांच्या रबरात असते. जॅकनं मागचा भाग इतका उचलला की ती चाकं जमिनीवरून सुटली, तर ब्रेक जागेवर आहे पण पकड गेली. पुढची चाकं मोकळी असतात, ती फिरायला तयारच असतात. अशा वेळी अकरा टनांची गाडी फक्त जॅकच्या पायांवर उरते, आणि हे जॅक वरून येणारं वजन पेलण्यासाठी बनवलेले असतात, आडव्या धक्क्यासाठी नाही. हातातली काठी उभी टेकवून वर भार दिला तर ती पेलते आणि बाजूनं बोट लावलं तर निसटते, तसंच ते. गाडी वीतभर जरी पुढे सरकली तरी जॅक कलतात, आणि कलले की त्यांचा पेलण्याचा जोर संपतो.

काही चेसिसवर प्रकार आणखी नाजूक असतो. तिथं हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर असतो. शाफ्ट अडवला तरी डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चक्रं, मोकळंच असतं. त्यामुळे मागचं एकच चाक जरी अधांतरी झालं तरी ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुलटं फिरू शकतं. म्हणजे एक चाक सुटलं की निम्मा ब्रेक जात नाही, सगळा ब्रेक जातो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे घेताना किंवा भाड्यानं ठरवतानाच विचारून ठेवावं. उत्तर मिळालं नाही तर ती दुसऱ्या प्रकारची आहे असं धरून चालावं.

म्हणून माझा सगळा आग्रह एका गोष्टीचा आहे. मागची चाकं जमिनीवरून उचलायची नाहीत. फळीवर चढवलेलं चाक चालेल, कारण फळीही जमिनीवरच टेकलेली असते आणि टायर तिच्यावर दाबलेला असतो. अधांतरी चाक चालणार नाही.

हे एकदा मान्य केलं की बाकीचा क्रम आपोआप लागतो. गाडी उभी करताना तोंड उताराकडे ठेवायचं. मग उचलायची वेळ येते ती पुढच्या बाजूची, आणि मागची, ब्रेकवाली चाकं जमिनीला घट्ट राहतात. गाडी एका बाजूला कलत असेल तर त्या बाजूच्या चाकांखाली फळ्या टाकून गाडी सावकाश त्यांवर चढवायची, बाहेर उभ्या एका माणसानं हात दाखवायचा, आणि बाकीच्यांनी पोरांना धरून लांब उभं राहायचं. फळी टायरच्या रुंदीपेक्षा मोठी हवी. टायरचा अर्धाच भाग टेकला तर बाजूची भिंत चेपते, आणि ते नुकसान त्या दिवशी दिसत नाही, महिन्यांनी हायवेवर दिसतं. मागं जोडचाकं असतात, तिथं दोन्ही टायर फळीवर आले पाहिजेत. एकाच टायरवर दोघांचं वजन टाकणं हा वाचवलेल्या फळीपेक्षा फार महाग सौदा आहे.

गाडी जागेवर आली की हँडब्रेक, आणि लगेच मागच्या चाकांना पुढून-मागून पाचरी. जॅकला हात लावायच्या आधी. यात मी कधीच तडजोड करत नाही, जमीन कितीही सपाट दिसली तरी. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर बसलेली गाडी असेल तर त्यातली हवा सोडून गाडी खाली बसू द्यायची, नाहीतर रात्री हवा हळूहळू उतरते आणि सगळी पातळी बिघडते. मग पुढचे दोन जॅक एकदम, जोडीनं. कुठलाही एकच कोपरा उचलायचा नाही. एवढी लांब चेसिस एका कोपऱ्यावर पिळवटते आणि तो पीळ पुढच्या भल्यामोठ्या काचेत निघतो. मागचे जॅक शेवटी, तेही जमिनीला टेकून गाडीचं हलणं थांबेल इतपतच. भिंत बाहेर सरकवून खोली रुंद करायची सोय असेल तर ती बहुतेक गाड्यांत पातळी झाल्यावर वापरायची असते, पण इथं गाडीची पुस्तिका सांगेल ते खरं. बटण दाबलं की गाडी स्वतःच पातळीत येते, अशीही यंत्रणा असते आणि ती छान चालते. मात्र तिला फक्त बुडबुडा कळतो, चाक जमिनीवर आहे की नाही ते कळत नाही. ते खाली उतरून, वाकून, डोळ्यांनी बघावं लागतं. वाकून म्हणजे बाहेरून वाकून. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, पडलेली वस्तू काढायलासुद्धा नाही.

जॅकखाली काय ठेवायचं, यावर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण इथं माझा धंदा कामाला येतो. समजा एका जॅकवर 3 टन वजन आलं. त्याचा तळवा 25 बाय 25 सेंटिमीटर असेल तर जमिनीवर दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला 4.8 किलो, आमच्या भाषेत चौरस मीटरला 48 टन. कातळावर किंवा घट्ट जांभ्यावर काळजी नाही. पण पवना धरणाच्या काठाची, कर्जतची शेतातली किंवा पावसानं भिजलेली कुठलीही मऊ माती याच्या पाव हिश्शाचा दाबही धड पेलत नाही. जॅक टेकतो, गाडी पातळीत येते, सगळे जेवतात, आणि पहाटेपर्यंत एक पाय मातीत उतरलेला असतो. त्याच जॅकखाली 60 बाय 60 सेंटिमीटरचा पाट ठेवला तर दाब चौरस मीटरला साडेआठ टनांच्या आत येतो. पाट जाड हवा, पातळ प्लायवूड मधोमध वाकतं आणि पसरवायचा भार पुन्हा मध्यावरच येतो. फळ्यांचे दोन थर, एक आडवा एक उभा, असे स्क्रूनं जोडून घेतले तर उत्तम. मे महिन्यातलं डांबर हीदेखील मऊ जमीनच समजावी. आणि नुकती भरलेली जमीन तर दिसायला सगळ्यात सपाट असते. रिसॉर्टवाल्यांनी मुरूम टाकून, रोलर फिरवून केलेलं मैदान बघून खूश व्हायच्या आधी तो भराव किती पावसाळे खाल्लेला आहे ते विचारावं.

हे सगळं करायला वेळ लागतो, आणि वेळ नेमका तेव्हाच नसतो. शनिवारी सकाळी मुंबई सोडायची म्हटलं तरी निघेपर्यंत दहा वाजतात, एक्स्प्रेस वेवर घाटात गाड्यांची रांग लागते, मुक्काम गाठेपर्यंत अंधार पडतो. पोरं भुकेजलेली, डास सुटलेले, आजीला बाथरूमला जायचंय. अशा वेळी पाचरी डिकीत तशाच राहतात. म्हणून मी दोन गोष्टी सांगते. एक, उजेडात पोचा, त्यासाठी मधला एखादा धबधबा सोडावा लागला तरी सोडा. आणि दुसरी, जी लोकांना पटत नाही पण मला मनापासून पटलेली आहे, ती अशी की जागा योग्य नसेल तर गाडी पातळीत आणूच नका. हँडब्रेक, पाचरी, आणि उशा चढाच्या बाजूला. आईला त्या रात्री गाडीत न ठेवता जवळच्या खोलीत झोपवा. तिरकी रात्र निघून जाते, सकाळी उजेडात दुसरी जागा बघता येते.

निघतानाही क्रम असतो, फक्त उलटा. आधी बाहेर काढलेली खोली आत, मग इंजिन चालू करून ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत पुरता दाब येऊ द्यायचा, मग जॅक वर, आणि चारही जॅक खरोखर वर गेलेत का ते गाडीभोवती फिरून बघायचं. पाचरी सगळ्यात शेवटी निघतात, ड्रायव्हर जागेवर बसून पाय ब्रेकवर ठेवल्यावरच. चित्रनगरीत पाचर काढणाऱ्या पोऱ्यानं काकांच्या आरशात दिसेल असं उभं राहायचं, ही त्यांची पद्धत होती. तो दिसला नाही तर ते गाडी हलवत नसत, मागे कितीही हॉर्न वाजोत.

महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान पोरांना घेऊन कोकणात, घाटमाथ्यावर राहायला जावं तर स्वतःची मोरी आणि स्वतःचा पलंग सोबत असणं ही किती मोठी सोय आहे, ते मी दादाकडे अनुभवलं आहे. अशा जागा उभारणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. वीज, पाणी, सांडपाणी यांच्या जोडीनं प्रत्येक गाडीसाठी एक काँक्रीटचा ओटा घाला. बारा मीटर लांब, चार मीटर रुंद, खाली नीट दाबलेला भराव, लांबीच्या दिशेनं सपाट आणि पाणी जाण्यापुरता आडवा किंचित उतार. एका खोलीच्या बांधकामापुढे त्याचा खर्च काहीच नाही. असा ओटा मिळाला तर बहुतेक गाड्यांना जॅक काढावाच लागणार नाही, दोन फळ्यांवर काम होईल.

आणि ओटे होईपर्यंत, बुकिंग करताना जागेच्या मालकाला फोन करून विचारा की गाडी उभी राहील तिथली जमीन कातळ आहे की भराव, आणि पावसात तिथं ट्रॅक्टर रुततो का. "अहो, सगळं सपाटच आहे" असं उत्तर आलं तर जोरदार सर येऊन गेल्यावर काढलेला त्या जागेचा एक फोटो मागवा. डबकी कुठं साचली आहेत आणि पाणी कुठल्या बाजूला वाहून गेलंय ते त्यात दिसतं. तेवढ्यावरून गाडीचं तोंड कुठं करायचं ते मुंबईत बसूनच ठरवता येतं.